वीज गेली तरी पाठवणी पहिल्यापासून नको: टर्मिनलवरून सर्व्हरवर फाइली पाठवताना

जत्रेतल्या नाटकाचं चित्रीकरण सहज १२ जीबी भरतं. घरच्या नेटचा अपलोड वेग १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) धरला तर हिशेब असा: १२ जीबी म्हणजे ९६,००० मेगाबिट, भागिले १०, म्हणजे ९,६०० सेकंद, म्हणजे २ तास ४० मिनिटं. जून-जुलैत गोव्यातल्या सत्तरीत किंवा काणकोणात एवढा वेळ वीज आणि नेट दोन्ही टिकतील या भरवशावर कामाला बसू नये. माडाची एक झावळी तारेवर पडली की संपलं. म्हणून पाठवणी अशी लावायची, की तुटली तरी जिथं तुटली तिथून पुढे सुरू व्हावी. टर्मिनलवरच्या (कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या) साधनांना हे जमतं, पण सगळ्यांना नाही.

साधनं मुख्यतः तीन: एससीपी, एसएफटीपी आणि आरसिंक (आर, एस, वाय, एन, सी). तिन्ही एसएसएचच्या सुरक्षित जोडणीवरून चालतात आणि नेहमीचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवर आत जायच्या दाराचा क्रमांक, २२. जुनं एफटीपी मात्र विसरा. त्यात पासवर्ड उघडा जातो, आणि पणजीतल्या कॅफेच्या वायफायवर तो कोण वाचतोय हे कळायला मार्ग नाही. लिनक्स आणि मॅकवर हे सगळं सहसा आधीच असतं. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत एसएसएच, एससीपी, एसएफटीपी मिळतात. आरसिंकसाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बसवून त्यात लिनक्स चालवावं लागतं. आरसिंक सर्व्हरवरही असायला हवं, एका बाजूला असून भागत नाही.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथं लहान अक्षरांत.

आधी जोडणी तपासा:

एसएसएच सेवक@पत्ता

‘सेवक’च्या जागी सर्व्हरवरचं तुमचं नाव, ‘पत्ता’च्या जागी सर्व्हरचा आयपी किंवा डोमेन. पहिल्या वेळी सर्व्हरच्या ‘की’चा (ओळखीच्या किल्लीचा) ठसा दाखवून खात्री विचारली जाते. सर्व्हर देणाऱ्याकडून आलेल्या ठशाशी तो ताडून पाहा आणि मगच ‘येस’ हा अख्खा शब्द लिहा. आत गेल्यावर ‘डीएफ -एच’ देऊन रिकामी जागा बघा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा तुम्ही यंत्रापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर एसएसएच ऐकत नाही. ‘टाइम्ड आउट’ आलं तर पत्ता चुकला किंवा मध्ये फायरवॉल आहे. काही सार्वजनिक वायफायवर पोर्ट २२ बंदच असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा करून पाहिलं की दोष कुठला ते लगेच कळतं.

आता तुमची स्वतःची ‘की’, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी किल्ली. दर वेळी पासवर्ड टाकायचा असेल तर तुटलेली पाठवणी आपोआप सुरू होणं शक्य नाही, म्हणून हे काम टाळू नका. ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ दिलं की दोन फाइली तयार होतात. शेवटी ‘.पब’ असलेलीच सर्व्हरवर जाते; दुसरी कुणालाही द्यायची नाही. ‘एसएसएच-कॉपी-आयडी सेवक@पत्ता’ हे काम करून देतं. विंडोजच्या टर्मिनलवर ही कमांड नाही, तिथं ‘.पब’मधली ओळ सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइलमध्ये हातानं चिकटवा. एवढं करूनही पासवर्ड मागत असेल तर सर्व्हरवरच्या परवानग्या बघा: ‘.एसएसएच’ फोल्डर ७००, आतली ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइल ६००, म्हणजे दोन्ही फक्त तुमच्यापुरतीच खुली. परवानगी सैल असली की सर्व्हर की बाजूला सारतो आणि तुम्हाला कारणही सांगत नाही.

पोस्टर, पावती असल्या लहान फाइलीला एससीपी पुरे:

एससीपी पोस्टर.पीडीएफ सेवक@पत्ता:जत्रा/

पत्त्यानंतरचं विसर्गासारखं चिन्ह न देता नुसतं ‘सेवक@पत्ता’ लिहिलं तर चूक दाखवली जात नाही. तुमच्याच संगणकावर ‘सेवक@पत्ता’ नावाची फाइल तयार होते आणि सर्व्हरवर काहीच पोचत नाही. आणखी एक गोम पोर्टची: एसएसएचमध्ये पोर्टसाठी लहान ‘-पी’, एससीपीमध्ये मोठा. एससीपीत लहान लिहिला तर त्याचा अर्थ ‘फाइलची वेळ जपा’ असा होतो. एससीपी तुटलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. एसएफटीपीत ‘रीपुट’नं अर्धी फाइल पुढे नेता येते, पण ते एकेका फाइलीचं काम. मोठ्या कामाला आरसिंकच घ्या:

आरसिंक -एव्हीपी नाटक/ सेवक@पत्ता:जत्रा/नाटक/

यातला शेवटचा पी मोठा. ‘ए’नं तारखा, परवानग्या आणि आतले फोल्डर जसेच्या तसे जातात, ‘व्ही’नं काय चाललंय ते दिसतं. मोठ्या पीमुळे प्रगती दिसते आणि मुख्य म्हणजे अर्धी गेलेली फाइल सर्व्हरवर राखली जाते. तो नसेल तर जोडणी तुटल्यावर आरसिंक तो तुकडा पुसून टाकतं. ‘नाटक/’मधली तिरकी रेघ म्हणजे ‘फोल्डरच्या आतलं’. ती काढली तर पलीकडे नाटकाच्या आत आणखी एक नाटक उभं राहतं. ‘जत्रा’ फोल्डर मात्र सर्व्हरवर आधीच असू द्या. दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवणारा ‘-झेड’ इथं लावू नका. व्हिडिओ आणि जेपेग आधीच दाबलेले असतात, प्रोसेसर फुकट राबतो.

वीज गेली, परत आली, तीच कमांड पुन्हा द्या. मग काही वेळ पडदा गप्प राहतो. अडकलं समजून लोक इथंच बंद करतात. खरं म्हणजे त्या वेळी पलीकडच्या तुकड्याची ब्लॉकवार तपासणी चालू असते. १०-१२ जीबीला वेळ लागणारच. या पद्धतीत सर्व्हरवर जुना तुकडा आणि नवी फाइल काही काळ शेजारी असतात, म्हणून १२ जीबीसाठी २४ जीबी रिकामी हवी.

लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरपुरता छोटा यूपीएस बसवला तर बरेचसे खंड मिटतात. राउटर बंद होऊन परत आला की कधी कधी जुनी जोडणी मेलेली असूनही टर्मिनल तसंच ताटकळत राहतं. त्यावर उपाय: तुमच्या संगणकावरच्या ‘.एसएसएच’मधल्या ‘कॉन्फिग’ फाइलीत ‘सर्व्हरअलाइव्हइंटर्व्हल १५’ ही ओळ घाला. मग दर १५ सेकंदांनी सर्व्हरला हाक जाते; तीन हाकांना उत्तर आलं नाही की साधारण ४५ सेकंदांत जोडणी सुटते आणि कमांड पुन्हा देता येते. टीमक्स (टर्मिनल बंद झालं तरी आतलं काम चालू ठेवणारं साधन) वापरा असा सल्ला बरेच देतात; तो सर्व्हरवर चाललेल्या कामाला उपयोगी, घरची वीज गेल्यावर त्याचा काही इलाज नाही. पाठवणीमुळे घरातला व्हिडिओ कॉल अडखळत असेल तर ‘--बीडब्ल्यूलिमिट=८००’ (सेकंदाला ८०० किलोबाइट) जोडा. मग वेग सुमारे साडेसहा एमबीपीएस राहील आणि १२ जीबीला चार तास लागतील.

मराठी नावांच्या फाइलींना एक अडचण नेहमी येते. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून. ‘संगीत’ हा शब्दच १५ बाइटचा. म्हणजे मर्यादा ८५ चिन्हांची. नाटकाचं नाव, मंडळ, गाव, देवस्थान आणि तारीख असं सगळं एका नावात कोंबलं तर विंडोजवर ते बसतं आणि सर्व्हर ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून परत पाठवतो. तपशील फोल्डरच्या नावांत वाटून द्या.

‘--डिलीट’ला हात लावताना जपून. पाठवणाऱ्या फोल्डरात जे नाही ते सर्व्हरवरून पुसणं हे त्याचं काम, आणि चुकून रिकामं फोल्डर दिलं तर पलीकडचंही रिकामं. आधी ‘-एन’ लावून कमांड द्या. काय पुसलं जाईल त्याची फक्त यादी येते.

शेवटी तपासणी. तीच आरसिंक कमांड पुन्हा द्या. कुठल्याच फाइलीचं नाव आलं नाही तर आकार आणि वेळ जुळली. मूळ प्रत काढून टाकायची असेल तर एवढ्यावर थांबू नका. दोन्हीकडे ‘शा२५६सम’ (फाइलच्या आतल्या मजकुरावरून तिचा ठसा काढणारी कमांड) चालवून येणारी ६४ अक्षरं जुळवा. मॅकवर ‘शासम -ए २५६’, विंडोजवर ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, पुढे फाइलचं नाव आणि ‘शा२५६’. अक्षरं जुळली की कॅमेऱ्याचं कार्ड पुसायला हरकत नाही.