शेजारच्या भाड्याच्या घरातून येणारी ओल: तक्रारीआधी एवढे करा
शेजारचे घर भाड्याने दिलेले असून मालक तिकडे फिरकत नसेल, तर सामाईक भिंतीला आलेली ओल बहुधा ‘तुमच्याच घरातला दमटपणा’ म्हणून झटकली जाते.

१. ओल्या भागाचा पृष्ठभाग पुसून कोरडा करावा आणि तेथे वीतभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून ४८ तास तसाच ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूस थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस जमले, तर दोष आपल्याच खोलीतल्या कोंदट हवेचा आहे, आणि मग शेजाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

२. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. दर आठवड्याला नवी रेघ ओढून छायाचित्र घ्यावे.

३. शेजारच्या बाजूची तुंबलेली पन्हळ, फुटलेला पाइप किंवा भिंतीला टेकलेला मातीचा ढीग दिसल्यास त्याचेही छायाचित्र जोडून पत्र थेट मालकाला पाठवावे. भाडेकरूला कल्पना द्यावी, पण दुरुस्ती सहसा त्याच्या हातात नसते.

पाण्याचा उगम बंद होऊन भिंत पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफ रंग लावू नये. आत कोंडलेल्या ओलीने गिलाव्याचे पोपडे सुटतात.