म्हादईवर राफ्टिंग आणि रात्रीचा तंबू: काय तयारी करावी

गोव्यातल्या म्हादई नदीवरचे राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून वेगवान पाण्यातली फेरी, फक्त पावसाळ्यात चालते. मृग ओसरून नदी भरली की सुरू होते, चवथीनंतर पाणी उतरत गेले की थांबते. 2012 पासून सत्तरी तालुक्यात हे नियमित होते आहे. उस्ते गावाहून होडी सोडतात आणि साधारण 10 किलोमीटर खाली सोनाळला काढतात. रॅपिड्सच्या, म्हणजे खडकांवरून उसळणाऱ्या धारांच्या, 1 (सोपी) ते 6 (सर्वांत अवघड) या श्रेणीत हा पट्टा 2 ते 3 मध्ये बसतो, म्हणजे धडधाकट नवशिक्याला झेपणारा. पण ही श्रेणी त्या दिवसाच्या पाण्यावर ठरते. म्हादई कर्नाटकात भीमगडच्या रानातून येते, त्यामुळे सत्तरीतल्या वाळपईत ऊन असले तरी घाटमाथ्यावर रात्रभर कोसळलेला पाऊस सकाळी उस्त्याला पोचलेला असतो. पाणी पाहून फेरी रद्द करणाऱ्या आयोजकावर चिडू नका, त्याच्याकडेच पुन्हा जा. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: फेरीला दुसरी होडी किंवा बचावाची कयाक (एकट्याने चालवायची छोटी होडी) सोबत असते का, गाइडकडे फेकायची, पिशवीत भरलेली दोरी असते का आणि विमा आहे का.

कपडे नायलॉन किंवा पॉलिस्टरचे घाला. जीन्स आणि सुती टीशर्ट पाणी धरून जड होतात, वाऱ्यात अंग गारठवतात. पायात जुने स्पोर्ट्स शूज किंवा मागे पट्टा असलेले सँडल. चपला पहिल्याच लाटेत जातात. चष्म्याला मागून दोरी बांधा. अंगठी, साखळी, मंगळसूत्र गाडीत काढून ठेवा, कारण होडीच्या कडेच्या दोरीत ते अडकते.

लाइफ जॅकेटला पाच मिनिटे द्या. सगळे बकल लावा, श्वास पूर्ण सोडा आणि पट्टे खालून वर, कमरेकडून छातीकडे ओढा. मग शेजाऱ्याला खांद्याचे पट्टे धरून जॅकेट जोरात वर उचलायला सांगा. ते कानांपर्यंत सरकले तर सैल आहे: पाण्यात जॅकेट वर राहील आणि तुम्ही त्यातून खाली घसराल. ओले झाल्यावर पट्टे सैलावतात, म्हणून पहिल्या रॅपिडनंतर पुन्हा ओढून घ्या. हेल्मेट कपाळ झाकणारे हवे, मागे कललेले नको.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते. एक हात कायम तिच्यावर, बोटे वरून आणि अंगठा खालून. ही मूठ मोकळी सुटली की शेजाऱ्याचे ओठ आणि दात फुटतात. राफ्टिंगमधल्या कितीतरी दुखापती नदीमुळे होतच नाहीत, या मुठीमुळे होतात. बसायचे कडेच्या फुगीर नळीवर, पायाचा चवडा आडव्या नळीखाली सारून. घोटा मात्र तिथे आवळून धरू नका. होडी उलटली तर पाय सहज निघाला पाहिजे.

गाइडचे हुकूम इंग्रजीतच असतात: फॉरवर्ड (पुढे वल्हवा), बॅक (उलटे वल्हवा), स्टॉप (थांबा), गेट डाऊन (होडीत खाली बसा), ओव्हर लेफ्ट आणि ओव्हर राइट (सगळे डाव्या किंवा उजव्या बाजूला सरका). लाट दिसली की हात आपोआप थांबतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण वेग नसलेली होडी लाटेत आडवी होते. फॉरवर्ड म्हटल्यावर पुढच्या दोघांच्या तालावर सगळ्यांनी वल्ही मारत राहायचे. होडी आडवी होऊन खडकाला टेकली तर माणूस खडकापासून दूर पळतो. नेमके उलट करा, खडकाच्या बाजूला झेप घ्या. प्रवाहाकडची नळी खाली दबली की पाणी आत शिरते आणि होडी खडकाला गुंडाळली जाते.

आता पाण्यात पडण्याविषयी, कारण पडणार हे धरूनच चालायचे. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटे पाण्याच्या वर, गुडघे किंचित वाकलेले. श्वास लाटेच्या खळग्यात घ्या, माथ्यावर तोंड बंद ठेवा. वाहत्या पाण्यात उभे राहू नका. तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकले की धार माणसाला पुढे आडवा पाडते, आणि कमरेएवढ्या पाण्यातही तोंड वर निघत नाही. पाणी गुडघ्याखाली आल्यावरच उठा. होडीखाली गेलात तर होडीच्या तळाला हात लावत एकाच दिशेने सरका, बाहेर निघाल.

सत्तरीच्या नदीत खडकाहून भीती पडलेल्या झाडांची आणि बांबूच्या बेटांची. पाणी फांद्यांतून निघून जाते, माणूस अडकतो. लांबून दिसले की पालथे होऊन बाजूला पोहा. टळत नसेल तर डोके पुढे करून पोहत जा आणि फांदीवर अंग वर खेचा. पाय पुढे ठेवलेत तर खाली ओढले जाल. दोरी फेकली की पिशवी नको, दोरीच धरा, छातीशी घेऊन खांद्यावरून न्या आणि पाठ दोरीकडे करा. मनगटाला गुंडाळू नका. पडलेल्याला आत घेताना हात ओढू नका; जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरा, गुडघे नळीला टेका आणि मागे पडा.

रात्र काढायची असेल तर नदीकाठच्या सपाट वाळूचा मोह सोडा. वरच्या फांद्यांना अडकलेला पालापाचोळा पाहा, मागचा पूर तिथवर आला होता; तंबू त्याच्याही वर हवा. म्हादई अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका. ओळखीच्या कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला, मालकाला विचारून तंबू टाकणे सर्वांत सोयीचे, फक्त माडाखाली आणि वाळलेल्या फांदीखाली नको. तंबूवर वेगळी ताडपत्री ताणाच, पावसाळ्यात तंबूचे स्वतःचे छत पुरत नाही. लाकडे ओली असतात, तेव्हा गॅसचा छोटा स्टोव्ह न्या. उकड्या तांदळाची पेज, लोणचे आणि भाजलेला सुका बांगडा हे जेवण एका भांड्यात आणि अर्ध्या तासात उरकते. पाणी खळखळून उकळूनच प्या.

कोरडे कपडे आणि टॉर्च ड्राय बॅगेत, म्हणजे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पाणीरोधक पिशवीत. ती पाऊण भरा, हवा दाबून काढा, तोंड किमान तीन वेळा गुंडाळून बकल लावा. काठोकाठ भरलेल्या बॅगेला एकच वळसा बसतो आणि पाणी आत येते. शौचासाठी पाण्यापासून 60 मीटर लांब, वीतभर खड्डा.

जळू चिकटली तर उपटू नका, नखाने तिचे तोंड कडेने सरकवा. पायाला ताजी जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका, लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे होणारा ताप अशाच वाटेने शिरतो. घरी आल्यावर चार आठवड्यांच्या आत ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना नदीत उतरल्याचे पहिल्यांदा सांगा.