तिकीट एकाला, गट दोन: बूथ सांभाळणाऱ्यांसाठी

एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाच्या हाती पडला हे कळलं, की फटाके लावू नका. मी एकदा लावले, तेही तिकीट हुकलेल्या इच्छुकाच्या गल्लीत. मतदानाच्या दिवशी त्याची सगळी माणसं कापूस वेचायला निघून गेली. एकानंही बोटाला शाई लावली नाही.

फॉर्म कोणाला मिळाला हे कळलं, त्याच रात्री तिकीट हुकलेल्याच्या घरी जा. एकटेच जा, उमेदवाराला सोबत नेऊ नका. छपरीत बसा, चहा घ्या, शिव्या ऐका. ‘मले काहून सांगतं? त्यालेच सांग!’ असं तो म्हणेल. म्हणू द्या. त्यानं अपक्ष अर्ज भरला असेल, तर माघारीची मुदत टळायच्या आत दुसरी चक्कर मारा. एकदा मुदत टळली, की मतपत्रिकेवर त्याचं नाव राहतंच.

मग त्याला काम द्या, मान आपोआप येतो. बूथच्या याद्या त्याच्याच पोरांकडे द्या, अन् पहिल्या सभेत त्यालाच बोलू द्या.

हे अमेरिकेतही चुकत नाही. 2008 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामा आणि हिलरी क्लिंटन महिनोन्‌महिने झुंजले. हरल्यावर जूनमध्ये हिलरी त्यांच्यासोबत न्यू हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात एकाच मंचावर आल्या. खेड्याचं नावच युनिटी, म्हणजे एकी! प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, तिथं दोघांनाही 107-107 मतं पडली होती. ऑगस्टच्या अधिवेशनात ओबामांना एकमतानं निवडा, असा प्रस्तावही त्यांनीच मांडला.

आपल्याकडं असं गाव शोधत बसू नका. मारुतीचा पार चालतो.