रखमनिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो पहिल्यांदा लाइव्ह ऐकायला जाताय? मग आधी एवढं करा

आपल्याकडं गाणं ऐकणाऱ्यांची कमी नाही. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्रभर चाललेलं गाणं मांडी न बदलता ऐकणारी माणसं आहेत, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात एखादी जागा घसरली की मागच्या रांगेतनं 'च्च' करणारे आहेत. पण हीच मंडळी मुंबईला जाऊन एखाद्या मोठ्या पियानिस्टला ऑर्केस्ट्राबरोबर ऐकून आली की काय सांगतात? "काय बोटं पळतात राव त्याची!" बास, पुढं काही नाही. बोटं पळतातच हो, पण बोटं पळणारी पोरं आता यूट्यूबवर ढिगानं सापडतात, त्यासाठी मुंबईपर्यंत कशाला जायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की वेग बघायला जाऊ नका, तो माणूस ठोकून वाजवायच्या वाद्यातनं गाणं कसं काढतो ते ऐकायला जा. उदाहरणाला रखमनिनॉफ ह्या रशियन संगीतकाराचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो घेतो (कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा ह्यांच्यासाठी लिहिलेली मोठी रचना), कारण अवघड म्हणून सगळ्यात जास्त नाव ह्याचंच निघतं आणि ऐकायला शिकायचं तर ह्याच्यासारखी दुसरी रचना नाही. 1909 च्या उन्हाळ्यात त्यानं हा रशियात इवानोव्का नावाच्या गावच्या घरी पुरा केला, अमेरिकेच्या दौऱ्यासाठी. बोटीवर सरावाला आवाज न करणारा नुसत्या पट्ट्यांचा कीबोर्ड नेला होता, आणि 28 नोव्हेंबर 1909 ला न्यूयॉर्कमध्ये स्वतःच पहिल्यांदा वाजवला. पुढं जानेवारी 1910 मध्ये तिथंच परत वाजवला तेव्हा ऑर्केस्ट्रा चालवायला गुस्ताव मालरसारखा थोर संगीतकार होता, म्हणजे बघा. आणि ज्याला अर्पण केलाय तो योसेफ हॉफमन, त्या काळचा एक नंबर पियानिस्ट, त्यानं तो कधी जाहीर कार्यक्रमात वाजवलाच नाही.

आता पहिली गोष्ट, वाद्य समजून घ्या. आपल्या घरात पेटी असते, पट्ट्या तशाच काळ्या पांढऱ्या, त्यामुळं वाटतं पियानो म्हणजे मोठी पेटी. तसं अजिबात नाही. पेटीत भाता चालू आहे तोवर सूर उभा राहतो, पाहिजे तर भात्यानं फुगवता येतो. पियानोत पट्टी दाबली की आत नमद्याचा हातोडा उडतो, तारेला बसतो आणि लगेच मागं येतो. झालं, त्या क्षणापासून सूर मरायला लागतो आणि वाजवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, फक्त तो कधी तोडायचा एवढंच. मींड नाही, फुगवणं नाही, कंप नाही. मग तरीही पियानोवर लांब ओळ गायल्यासारखी कशी वाटते? तर प्रत्येक सूर आधीचा सूर विझत विझत जिथंपर्यंत आलाय तिथनं नेमका उचलायचा, ना जास्त जोरात ना कमी, आणि उजव्या पायाच्या पेडलनं तारा मोकळ्या ठेवून दोन सुरांमधली फट झाकायची, पण इतकी पण नाही की सगळा चिखल होईल. हे सेकंदाला सेकंद कानानं मोजत करायचं असतंय. उस्ताद आणि चांगला वाजवणारा ह्यांच्यात फरक आहे तो इथं, वेगात दोघं बऱ्याचदा सारखेच असतात.

घरची तयारी म्हणाल तर दोनतीन आठवडे आधी सुरू करा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, डाव्या हाताचं निम्मं काम ऐकूच येत नाही, साधे का होईना हेडफोन लावा. आणि पूर्ण चाळीस पंचेचाळीस मिनिटं एका बैठकीत ऐकायचा हट्ट पण नको सुरुवातीला. पहिली दोन मिनिटं घ्या. ऑर्केस्ट्रा अगदी हळू धडधडल्यासारखा सुरू होतो आणि लगेच पियानो एक साधी सुरावट घेऊन येतो, दोन्ही हातांत तीच, एक सप्तक अंतरानं, खाली ना भरणा ना सजावट. पेटी काढा, पांढरी दोनचा सा धरा आणि वाजवा: सा, कोमल ग, रे, सा, नि, सा. त्याची सुरुवात इतकी सोपी आहे. जगातला अवघड म्हणून गाजलेला कॉन्चेर्टो आणि सुरुवात एका बोटानं वाजेल अशी! रखमनिनॉफनं नंतर एका पत्रात सांगितलंय की गायकानं गावी तशी ही धून पियानोवर गाता यावी एवढंच डोक्यात होतं. ही धून पाठ करा, भांडी घासताना गुणगुणली पाहिजे इतकी, कारण पुढं ती वेषांतर करून परत परत येते आणि तिला ओळखता आलं तर अर्धी लढाई तिथंच जिंकली.

मग तीच दोन मिनिटं पाच जणांची ऐका. रखमनिनॉफचं स्वतःचं 1939-40 चं रेकॉर्डिंग आहे, होरोविट्झचं 1930 चं आहे, व्हॅन क्लायबर्ननं 1958 मध्ये मॉस्कोची चायकॉव्हस्की स्पर्धा जिंकून आल्यावर कार्नेगी हॉलमध्ये वाजवलेलं आहे, मार्था आर्गेरिचचं 1982 चं बर्लिनचं लाइव्ह आहे, आणि 2022 च्या क्लायबर्न स्पर्धेत युनचान लिम ह्या 18 वर्षांच्या कोरियन पोरानं फायनलला वाजवलेला व्हिडिओ तर सगळीकडं फिरला. रखमनिनॉफ स्वतः ही धून रडतकढत वाजवत नाही, सरळ चालत जातो, आणि मला तेच आवडतं, काहीजण पहिल्या ओळीपासूनच असा गळा काढतात की पुढच्या चाळीस मिनिटांसाठी काही शिल्लक ठेवत नाहीत. तुमचं मत वेगळं झालं तरी चालेल, पण मत झालं पाहिजे. लिहिलेले सूर पाचही जणांचे तेच असून पाच वेगळी माणसं ऐकू आली की तुमचा कान तयार व्हायला लागला.

तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगतो. आपला षड्ज एकदा लावला की मैफल संपेपर्यंत तोच. इथं षड्ज हलतो. सुरुवातीला किरवाणी रागासारखं काहीतरी वाटेल, तुम्ही खूश व्हाल, आणि मिनिटभरात सा भलतीकडंच गेलेला असेल. रागाच्या चौकटीत बसवायला गेलात तर चिडचिड होईल. त्यापेक्षा एवढंच धरा की आपण घरापासनं लांब चाललोय की परत येतोय. ते कानाला आपोआप कळतं, नाव माहीत नसलं तरी.

तिकिटाचं आणि प्रवासाचं थोडक्यात. आपल्याकडं जवळात जवळ म्हणजे मुंबईत नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र, तिथला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 ला सुरू झाला आणि बाहेरचे नामांकित पियानिस्ट त्यांच्याबरोबर वाजवायला येतात. कुठला कॉन्चेर्टो आहे ते बघूनच तिकीट काढा, दरवेळी हाच असेल असं नाही, चायकॉव्हस्कीचा पहिला किंवा ब्राम्सचा दुसरा असला तरी ऐकायची पद्धत हीच. जाताना रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस बरी, सकाळी पोचता. पण संध्याकाळचा कार्यक्रम संपेस्तोवर परतीची महालक्ष्मी निघून गेलेली असते, म्हणून रात्रीची ट्रॅव्हल्स नाहीतर मुक्काम करून सकाळची कोयना एक्सप्रेस. सीट घेताना प्रेक्षकांच्या डाव्या बाजूची घ्या, पट्ट्या त्या बाजूला असतात, हात दिसतात. उजवीकडं बसलात तर चेहरा दिसेल, हात नाही. एकदम पहिली रांग नको, पियानोचं पोट दिसतं आणि मागचा ऑर्केस्ट्रा ऐकायला गुळमुळीत येतो.

वेळेच्या आधी पोचा, हे मनावर घ्या. कॉन्चेर्टो बऱ्याचदा इंटरव्हलच्या आधी असतो आणि उशिरा आलेल्याला मध्येच आत सोडत नाहीत, म्हणजे टॅक्सी अडकली की ज्यासाठी आलात तेच दाराबाहेरनं ऐकायचं. भडंगाची पिशवी बॅगेतच राहू द्या, त्या शांततेत प्लॅस्टिकची चुरचुर बाल्कनीपर्यंत जाते. आणि दाद! आपली सवय अशी की जागा आवडली की तिथल्या तिथं 'वाहवा', इथं तसं चालत नाही, टाळ्या सगळं संपल्यावर. एकूण तीन भाग आहेत. पहिल्या भागानंतर थोडं थांबतात, सगळे मनसोक्त खोकून घेतात, तुम्ही पण घ्या. दुसरा आणि तिसरा भाग जोडलेलेच आहेत. मला विचाराल तर हा टाळ्यांचा नियम जरा सोवळ्यातलाच वाटतो, पण पाळायचा.

अजून एक, माइक नसतो. आपल्याकडं गणपतीपासून लग्नापर्यंत सगळं स्पीकरवर ऐकायची सवय, त्यामुळं पहिला पियानोचा सूर आला की वाटेल अरे आवाज कमी आहे. पाचेक मिनिटं द्या, कान जुळवून घेतो. आणि मग लक्षात येईल की नऊ फुटी पियानो एकटा, समोर सत्तर ऐंशी माणसं, तरी अगदी हळू वाजवलेला सूर शेवटच्या रांगेत पोचतोय. जोरात वाजवून ऐकू येणं सोपं आहे हो, हळू वाजवून ऐकू आणणं ही खरी मेहनत.

पहिल्या भागात काय धरायचं ते सांगतो. सुरुवातीची धून पियानोनं एकदा म्हणून झाली की ती ऑर्केस्ट्राकडं जाते आणि पियानो तिच्याभोवती बारीक बारीक सुरांची जाळी विणायला लागतो. बहुतेक लोक इथंच बोटं बघायला लागतात आणि धून हरवतात. उलटं करा, धून धरून ठेवा आणि बघा पियानिस्ट तिच्या खाली राहतोय का वर चढून बसतोय. तबलजी लेहऱ्याच्या मागं न राहता त्याच्या डोक्यावर बसला तर कसं वाटतं, तसंच. मोठा कलाकार इथं स्वतःला बाजूला घेतो, सेकंदाला डझनभर सूर वाजवत असताना सुद्धा. दुसरं म्हणजे मूठमूठ सुरांत लपलेली ओळ शोधा. एकाच हाताची पाच बोटं एकदम पडतात पण त्यातलं एक, बऱ्याचदा करंगळीच, जी सगळ्यात दुबळी, बाकी चौघांपेक्षा जरा वजनानं पडते आणि वरची ओळ गाते. लक्ष देऊन ऐकलंत तर कधी मध्येच अंगठ्यातनं पण दुसरी ओळ निघते, जी रेकॉर्डिंगवर कधी कानावर पडली नव्हती. असं झालं की समजा पैसे वसूल.

मग ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि पियानो एकटा उरतो, हा कॅडेन्झा. रखमनिनॉफनं ह्या जागेला दोन पर्याय लिहून ठेवलेत, एक हलका, चपळ, दुसरा जाड, दोन्ही हातांचे मोठमोठे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गठ्ठे, कोसळवणारा. स्वतः तो हलकाच वाजवायचा. होरोविट्झ आणि आर्गेरिच पण हलका, क्लायबर्न आणि लिम जाड. जाणकार ह्यावर तासभर भांडू शकतात. जाड पर्याय ऐकताना दंगा होतोय का इमारत उभी राहतेय हे बघा, म्हणजे खालचा खर्ज स्वच्छ ऐकू येतो का, की पेडलखाली सगळा गलका. आणि हे वादळ शमलं की जे येतं ते माझ्या मते अख्ख्या कॉन्चेर्टोतलं सगळ्यात सुंदर: बासरी हळूच तीच पहिली धून उचलते, मग ओबो, मग क्लॅरिनेट, मग हॉर्न, ही सगळी फुंकून वाजवायची वाद्यं, एकेकटी, आणि पियानो खाली नुसता पाण्यासारखा वाहतो. आत्ता दोन मिनिटांपूर्वी हॉल हलवणारा माणूस इथं कुणा दुसऱ्याला साथ करतोय. त्याची मान बघा, तो बासरीवाल्याकडं वळतो का. काहीजण वळत नाहीत, आणि ते ऐकू पण येतं.

दुसऱ्या भागात ऑर्केस्ट्रा बराच वेळ एकटा उदास होऊन बोलतो, पियानो मग आत येतो तो जरा विस्कटतच. शेवटाकडं एक भरभर गिरक्या घेणारा तुकडा आहे, त्यात पियानो टपटपत असतो आणि क्लॅरिनेट आणि बॅसून (हेही फुंकून वाजवायचं वाद्य) खाली जे वाजवतात ती पहिल्या भागाची धूनच आहे, तीन मात्रांत बसवलेली. पहिल्यांदा ओळखू नाही आली तरी हरकत नाही.

तिसरा भाग घोड्यावर बसूनच येतो. इथं एकच गोष्ट बघा, शक्ती कुठं राखून ठेवलीय. रखमनिनॉफ मानायचा की कुठल्याही रचनेत एकच खरा शिखराचा बिंदू असतो आणि सगळं तिथंपर्यंत मोजून न्यायचं, तो हुकला तर बाकीचं वाया. आता तिसऱ्या भागात खोटी शिखरं भरपूर आहेत, हात उचलून आपटायच्या जागा पावलोपावली. जो प्रत्येक ठिकाणी शेवट असल्यासारखा वाजवतो त्याच्याकडं खऱ्या शेवटाला नुसता आवाज उरतो. जो राखून आणतो त्याच्याकडं शेवटची मोठी धून, आता कोमल ग जाऊन शुद्ध ग आलेला, ऑर्केस्ट्रासकट अशी उघडते की खुर्चीत सरळ बसावं लागतं. चुकीचे सूर मोजत बसू नका, लाइव्हमध्ये चारदोन निसटतातच, मोठमोठ्यांचे निसटलेत.

टाळ्या झाल्या की उठू नका. पियानिस्ट दोनतीनदा आतबाहेर करतो आणि बऱ्याचदा एकटाच एक छोटा तुकडा वाजवतो, एन्कोर म्हणतात, छापील कार्यक्रमात नसतो. पार्किंगची घाई असलेले तोवर निघून जातात. ऑर्केस्ट्रा नसताना, दमलेल्या हातांनी, तीनचार मिनिटांचं काहीतरी हळू वाजवताना त्याचा सूर कसा लागतो ते तिथं सगळ्यात स्पष्ट कळतं. आणि घरी आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावू नका, चारपाच दिवस जाऊ द्या, नाहीतर ऐकलेलं पुसून त्यावर दुसऱ्याचं बसतं.