वर्खाची तबकडी घेण्याआधी

सोन्याचा वर्ख लावलेल्या तबकडीचं जपानी घड्याळ घेताय? आधी दहापट भिंगातून बघा. जपानातल्या कानाझावा शहराचा ठोकून केलेला वर्ख साधारण ०.०००१ मिलीमीटर जाड. मिठाईवरच्या वर्खासारखाच तो चुरगळतो, म्हणून बारीक सुरकुत्या आणि एकमेकांवर चढलेल्या कडा दिसतात. वर्खाची नुसती छपाई असेल तर दिसतात ते एकसारखे ठिपके. त्याच मॉडेलची दोन घड्याळं शेजारी ठेवायला सांगा. सुरकुत्या हुबेहूब जुळल्या तर समजून जा!

वर्ख कुठल्या धातूचा, हेही विचारा. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, प्लॅटिनम नाही. माकी-ए म्हटलं तर ती लाखेवर भुरभुरलेली धातूची पूड, वर्ख नव्हे.

सेल बदलताना तबकडीला बोट लावू देऊ नका, रबरी सील मात्र तपासून घ्या.