रायफल नेमबाजीच्या दोन दिवसांच्या शिबिराला निघालात? साइटच्या नॉबला हात लावण्याआधी या चुका टाळा

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेला रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळालं आणि त्या आठवड्यात माझा फोन वाजतच राहिला. मुलगा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. फोंडाघाट चढून गेलं की दाजीपूर, त्याच्यापुढे राधानगरी. त्यामुळे कणकवली-कुडाळकडच्या पालकांना तो घाटाच्या पलीकडचा आपलाच पोरगा वाटला. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "बाई, आमच्या मुलाला पण शिकवाल का?"

रत्नागिरीजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारचं एअर रायफल शिबिर असतं. तिथे मी गेली काही वर्षं नवख्या मुलांच्या मागे उभी राहून त्यांच्या पायांकडे बघते. टार्गेटकडे नाही, पायांकडे. कारण छर्रा भलतीकडे लागला की मुलांचा हात पहिल्यांदा जातो साइटच्या (ज्यातून बघून नेम धरतात त्या भागाच्या) नॉबकडे, म्हणजे नेम इकडेतिकडे सरकवायच्या चकतीकडे, आणि खरी चूक बहुतेक वेळा असते शरीरात, पिशवीत, नाहीतर आदल्या रात्रीच्या झोपेत.

आधी एक गैरसमज दूर करते. स्वप्नीलचा प्रकार 50 मीटरचा. त्यात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरतात, तोही पॉइंट टू-टू रायफलने. नवख्यांच्या शिबिरात ते नसतं. इथे 10 मीटरवरून, उभ्यानेच, 4.5 मिलिमीटरच्या छर्ऱ्याच्या एअर रायफलने सुरुवात होते. झोपून नेम धरायला मिळणार म्हणून आलेली मुलं पहिल्या सत्रातच हिरमुसतात, म्हणून पालकांनी हे घरीच सांगून ठेवावं. 10 मीटर सोपं असतं असंही समजू नका. या टार्गेटवरचा दहा गुणांचा मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, नाचणीच्या दाण्याहूनही लहान.

"आमच्याकडे आजोबांपासून बंदूक आहे"

कोकणात हे वाक्य हमखास ऐकू येतं. आंबा-काजूच्या बागा, वानरं, रानडुकरं; शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या बंदुका आपल्याकडे बऱ्याच घरांत आहेत. अशा घरातली मुलं रायफलला घाबरत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण त्यांना सवय असते झटक्यात नेम धरून झटक्यात चाप ओढायची. बागेत ते चालतं, इथे त्याच सवयीने एका शॉटला सहा-सात गुणांच्या वर जाता येत नाही. स्पर्धेत 60 शॉटना 75 मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. कोणीही पळून जात नाहीये.

दुसरी सवय त्याहून वाईट: रायफल हातात घेऊन इकडेतिकडे वळणं. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेला. नेम धरलेला नसताना बोट ट्रिगरच्या बाहेर. 'स्टॉप' म्हटलं की अर्धा राहिलेला शॉटसुद्धा मारायचा नाही. नळीतून रंगीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घातल्याशिवाय लेनच्या, म्हणजे नेमबाजाच्या उभं राहायच्या जागेच्या, पुढे कोणीही जायचं नाही, कोचनेसुद्धा. यातली कोणतीही चूक मी दुसऱ्यांदा चालवून घेत नाही. मुलाला बाकावर बसवते, मग तो कितीही हुशार असो.

0.177 इंच बोअरपर्यंतच्या (म्हणजे हाच 4.5 मिलिमीटरचा छर्रा) आणि 20 जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. म्हणून काहीजण ती उघड्यावर खांद्याला लावून एसटीत चढतात. असं करू नका. कव्हरमध्ये, रिकामी, सोबत खरेदीचं बिल आणि ओळखपत्र. आणि वाटेत समुद्रावर थांबून डब्यावर नेम धरून बघण्याचा मोह तर अजिबात नको.

पिशवीत काय बिघडतं

छर्ऱ्यांचा डबा. मागच्या हंगामात चिपळूणहून आलेल्या एका मुलीचे शॉट ठीक पडत होते, पण दर चार-पाच शॉटनंतर एक कुठेतरी सात गुणांच्या कड्यात पळायचा. तिची पोझिशन बघितली, चांगली होती. मग तिचा डबा उघडून छर्रे पांढऱ्या रुमालावर ओतले. शिशाचा छर्रा फार मऊ. पुढून सपाट, मागून पोकळ, आणि मागचा तो पातळ घेर नळीला घट्ट बसतो म्हणून तर हवा सुटत नाही. अर्धवट भरलेला डबा बॅगेत आडवा पडून महामार्गावरच्या खड्ड्यांतून रत्नागिरीपर्यंत खुळखुळत आला होता. रुमालावर बोटाने एकेक फिरवून बघितला तर कित्येकांचा घेर एका बाजूने चेपलेला, आणि रुमालावर करडी भुकटी. तेवढे वेचून बाजूला काढले आणि पळणारे शॉट थांबले. डब्यात वरून कापसाचा किंवा फोमचा तुकडा दाबून बसवा, काही हलणार नाही.

दुसरं, बूट. जाड, उशीसारख्या टाचेचे धावण्याचे बूट आणू नका, त्यांच्यावर शरीर सतत डुलतं. सपाट, पातळ तळव्याचे शाळेचे कॅनव्हास बूट उत्तम. लोंबते कानातले आणि ओढणी घरीच ठेवा. गाल रायफलच्या दस्त्यावर टेकतो तिथे मध्ये काहीही यायला नको.

चष्मा असेल तर तोच चष्मा आणा, नवा नंबर काढून दोन दिवसांत सवय होत नाही. एसीच्या गाडीतून उतरून थेट लेनवर आलात तर काचांवर वाफ धरते. आपल्या दमट हवेत हे व्हायचंच, म्हणून वीस मिनिटं आधी या. डावा डोळा गच्च मिटून नेम धरायची सवय असेल तर ती मोडा. त्याने उजव्या डोळ्यावरही ताण येतो आणि नजर धूसर होते. डाव्या डोळ्यासमोर दुधी प्लॅस्टिकची पट्टी लावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा.

खोबरेल

घरची जुनी रायफल शिबिराला आणणारे आदल्या रात्री ती 'साफ' करतात. आपल्याकडे साफ करणं म्हणजे विळीपासून कुलुपापर्यंत सगळ्याला खोबरेल. रायफलच्या नळीत तेल राहिलं की पहिले कितीतरी शॉट कुठे जातील याचा नेम नाही. स्प्रिंगने हवा दाबणाऱ्या रायफलमध्ये तेल आतल्या दाबाच्या नळकांड्यात गेलं तर दाबाने पेट घेतं, धूर येतो, आवाज मोठा होतो आणि आतलं सील खराब होतं. बाहेरच्या लोखंडावरून तेलाचा जेमतेम ओलसर फडका फिरवा, बस. नळीत काही घालू नका.

याच स्प्रिंगच्या रायफलची आणखी एक गोष्ट. घरी सराव म्हणून ती छर्रा न घालता चालवू नका. पुढे हवेला अडवायला काही नसल्यामुळे आतला पिस्टन आपटतो आणि तुटतो. असा कोरडा, म्हणजे छर्ऱ्याविना, सराव करायचा तो स्पर्धेसाठीच्या मॅच रायफलवर. तिच्यात त्यासाठी वेगळी सोय असते.

दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाली रायफल असेल तर तो सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरलेला असतो हे लक्षात ठेवा. दुपारच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका. त्याच्यावरची मुदत संपली असेल तर तो वापरू नका. आणि भरायला फक्त कोरडी दाबलेली हवा. ऑक्सिजन कधीही नाही, त्याने स्फोट होऊ शकतो.

पाय आधी, नॉब नंतर

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लांज्याचा नववीतला एक मुलगा होता. त्याचे पाच शॉट लागले आठ गुणांच्या कड्यात, सगळे डावीकडे. त्याने नॉब उजवीकडे फिरवला, टप्प्याटप्प्याला 'क्लिक' करत. पुन्हा पाच, पुन्हा डावीकडे, थोडे पसरलेले. पुन्हा नॉब. मी मागे उभी होते. त्याच्या डाव्या खांद्याचा स्नायू शर्टाखालून दोरीसारखा ताणलेला दिसत होता.

"रायफल खाली ठेव. किती क्लिक फिरवलेस?"

"मोजले नाहीत, मॅडम."

त्याला पुन्हा उभं केलं. नेम धरायला लावला आणि म्हटलं, आता डोळे मीट. दोन-तीन श्वास घे. खांदे सैल सोड. उघड.

डोळे उघडले तेव्हा रायफल टार्गेटच्या बरीच डावीकडे जाऊन थांबली होती. त्याचं शरीर मुळात तिकडेच बघत होतं. तो दर वेळी दंडाच्या जोरावर रायफल उजवीकडे ओढून टार्गेटवर आणायचा, आणि चाप सुटायच्या क्षणी स्नायू ढिले पडले की ती आपल्या जागी परत जायची. साइट बिचारी बरोबर होती. उजवा पाय टाचेच्या दिशेने बोटभर मागे घ्यायला सांगितलं. पुन्हा डोळे मिटून उघडले, अजून थोडा. तिसऱ्या वेळी डोळे उघडले तेव्हा काळा गोल समोर होता आणि हातांना काही करायचं उरलं नव्हतं. पुढचे पाच शॉट एकमेकांना चिकटून पडले, पण उजवीकडे, कारण नॉब भलताच फिरलेला! तो परत आणण्यात शनिवारची दुपार गेली.

डावखुरा असाल तर सगळं उलटं. पण कृती तीच: डोळे मिटा, सैल व्हा, उघडा, आणि रायफल जितकी बाजूला गेली असेल त्या मानाने पाय हलवा. वर-खाली असेल तर आधाराच्या हाताची पकड थोडी पुढे-मागे. दहा शॉटनंतर हे परत करा, कारण पाय नकळत सरकतात. आणि रायफलचं वजन हाडांवर ठेवा: डावं कोपर कमरेच्या हाडाला टेकलेलं, कंबर किंचित टार्गेटकडे. घागर कमरेवर घेतलेल्या बाईचा हात दुखत नाही, तो याचसाठी.

ग्रुप काय सांगतो

एका शॉटवरून काही ठरवू नका, निदान पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, बघा. छिद्रं वर-खाली एका रेषेत पडत असतील तर श्वास दर वेळी वेगळ्या जागी थांबतोय. आडव्या रेषेत पसरली तर पाय, नाहीतर ट्रिगर सरळ मागे न जाता बाजूला ओढला जातोय. चारी बाजूंना विखुरली तर गाल दस्त्यावर दर वेळी वेगळ्या जागी टेकतोय, किंवा नजर पुढच्या साइटवरून सुटून टार्गेटवर जातेय. टार्गेट किंचित धूसर दिसायलाच हवं. पुढच्या साइटचं कडं स्पष्ट आणि त्याच्या आत काळ्या गोलाभोवती सगळीकडून सारखं पांढरं. विखुरलेपण तरीही जात नसेल तर दस्त्याचे स्क्रू ढिले आहेत का ते कोचला बघायला सांगा.

ग्रुप घट्ट असेल आणि तरीही मध्यापासून दूर असेल, तेव्हाच नॉब फिरवा. क्लिक मोजा आणि वहीत लिहा.

शॉट सोडून द्यायला शिका

मुलांना सगळ्यात जड जातं ते हे. श्वास सोडल्यावर जो नैसर्गिक विराम येतो त्यात पाच ते आठ सेकंद चांगली असतात. त्यापुढे रायफल थरथरते, डोळ्यांना कमी दिसतं, आणि मुलगा मनात म्हणतो 'आत्ता मारून टाकू'. तिथे रायफल खाली घ्या. श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. शॉट सुटल्यावरही लगेच मान वर करून बघू नका, एक-दोन आकडे मोजेपर्यंत साइटमध्येच राहा. माझ्या लेनवर रायफल खाली घेणाऱ्या मुलाला मी मोठ्याने शाबासकी देते, दहा मारणाऱ्याला नाही. काही पालकांना याचं आश्चर्य वाटतं.

उकाडा आणि जेवण

ऑक्टोबरच्या उकाड्यात जाड शूटिंग जॅकेट घालून उभं राहणं म्हणजे घामाची आंघोळ. शॉटच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये बटणं उघडा, आत सुती बनियन घाला, दुसरं एक कोरडं सोबत ठेवा, आणि कोकम सरबत मीठ घालून घोट घोट प्या. जॅकेट पावसाळ्यात कपाटात बंद असेल तर आठवडाभर आधीच सावलीत वाऱ्यावर टांगा. बुरशीचा वास घेत नेम धरता येत नाही, आणि चामडं उन्हात वाळवलं की तडकतं.

सकाळी उकड्या तांदळाची पेज किंवा घावणे. रिकाम्या पोटी आलेली मुलं अकराच्या सुमारास थरथरायला लागतात. रोज चहा पीत असाल तर नेहमीचा एक कप प्या, उगाच सोडू नका आणि दुसराही घेऊ नका. दुपारी मासळीची भरगच्च थाळी जेवून आलेल्याला दोन ते चारच्या सत्रात काही शिकवणं मला आजवर जमलेलं नाही. आणि काही खाण्याआधी हात साबणाने धुवा, बोटांवर शिसं असतं. छर्रे ओठांत धरून ठेवायची खोड दिसली तर तिथल्या तिथे मोडा.

रविवारी संध्याकाळी

सगळे थकलेले असतात, गाडीची वेळ झालेली असते, आणि घामाने ओली रायफल तशीच फोमच्या पेटीत जाते. फोम ओल धरून ठेवतो. खारी हवा, घामातलं मीठ आणि बंद पेटी, दोन आठवड्यांत नळीवर हाताच्या बोटांच्या आकाराचे गंजाचे डाग उठतात; मी ते अगदी पाची बोटं मोजता येतील इतके स्पष्ट पाहिले आहेत. निघण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा, घरी गेल्यावर पेटी उघडी ठेवून रायफल रात्रभर पंख्याखाली, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलुपाच्या खोलीत राहू द्या. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाका आणि महिन्याभराने बदला.

वहीत त्याच रात्री तीन गोष्टी लिहा: पाय कुठे होते, नॉब किती क्लिकवर आहे, आणि कोणता शॉट तुम्ही सोडून दिलात.