बॉम्बार्डियर बी-१२: लाकडी बॉडीची जुनी बर्फगाडी पुन्हा चालती कशी करायची

कॅनडातल्या मॅनिटोबात विनिपेग लेकच्या काठावर भर हिवाळ्यात गेलात तर गोठलेल्या पाण्यावर अजूनही एक गाडी दिसते, पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे रणगाड्यासारखे पट्टे, गोलसर बॉडी आणि बाजूला बोटीसारख्या गोल खिडक्या. इथले मासेमार बर्फाखाली जाळी लावायला तीच घेऊन जातात आणि तिला नुसतं बॉम्बार्डियर म्हणतात. तिचं खरं नाव बी-१२, कारण १२ माणसं बसायची. बॉडी सगळी लाकडाची, आतून लाकडी बरगड्या आणि वरून प्लायवूड. मी अशी एक गाडी शेजाऱ्यांच्या मदतीने उभी केलीय, आणि माझे वडील साताऱ्याकडे ट्रकच्या लाकडी बॉडी बांधायचे, त्यामुळे लाकूडकामाकडे मी जरा जास्तच जीव लावून बघतो. इंजिनाबद्दल सांगणारे खूप भेटतील, लाकडाबद्दल कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

ही गाडी आली कुठून ते थोडक्यात. क्यूबेकमधल्या व्हालकूर गावचा जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियर, पोरवयापासून बर्फावर चालणारं वाहन करायच्या ध्यासाने पछाडलेला. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहानगा मुलगा पेरिटोनायटिसने, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाला सूज येऊन गेला, रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेताच आलं नाही. पुढे १९३७ मध्ये त्याला रबर चढवलेलं दातेरी चाक आणि पट्टा या रचनेचं पेटंट मिळालं, आधी ७ जणांची बी-७ आली आणि १९४० च्या दशकात बी-१२. डॉक्टर, टपाल, शाळेतली पोरं, सगळ्यांना नेणारी ही गाडी होती. मग दशकाच्या शेवटी क्यूबेकमध्ये खेड्यातले रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवायचं ठरलं आणि तिची गरज एकदम कमी झाली. म्हणून आज जी सापडते ती बहुतेक कुणाच्या तरी धान्याच्या शेडमागे नाहीतर तळ्याकाठी पडलेली असते.

गाडी बघायला जाताना टॉर्च, टोचा आणि एक छोटा हातोडा एवढंच न्या. इंजिन चालू होतंय का हे शेवटी विचारा. आधी टोचा घेऊन खिडक्यांच्या खालची कड, दाराची चौकट जमिनीकडे जिथे संपते तो कोपरा, पट्ट्यांच्या वरचा भाग आणि मागचा इंजिनाचा कप्पा इथे दाबून बघा. इंजिन मागे असतं या गाडीत, तिथलं लाकूड तेल पिऊन काळं पडलेलं असतं, काळं दिसलं म्हणून कुजलंच असं नाही, टोचा आत जातो का ते महत्त्वाचं. चांगल्या लाकडात टोचा अडतो, कुजलेल्यात लोण्यासारखा जातो. मग हातोड्याने प्लायवर टकटक करत फिरा, जिथे आवाज बद्द आणि पोकळ येतो तिथे प्लायचे थर सुटलेत. हे सगळं खडूने गाडीवरच खुणा करून ठेवायचं आणि फोटो काढायचे. बरगड्यांपैकी निम्म्या जरी घट्ट असल्या तरी गाडी घ्यायला हरकत नाही, पण पट्टे आणि दातेरी चाकं जागेवर नसतील तर मी तरी दोनदा विचार करीन, कारण लाकूड आपण घडवू शकतो, ते भाग शोधत वर्ष जातं.

घरी आणल्यावर लगेच काही उचकटायला जाऊ नका, हे मी कळवळून सांगतोय. माझ्या हातून हेच झालं, डाव्या बाजूची कुजलेली प्लाय एका दुपारी उत्साहात काढून टाकली आणि सकाळी बघतो तर सगळी बॉडी दीड इंच कललेली, दार लागेना. प्लाय नुसतं कातडं नाही, बॉडीला ताठ तीच धरते. ती परत सरळ करायला मला तीन आठवडे लागले. म्हणून आधी गाडी सपाट जमिनीवर लोखंडी चासीखाली स्टँड लावून लेव्हल करायची, लाकडाखाली जॅक कधीच लावायचा नाही, मग आतून साध्या दोन बाय चार इंची फळ्यांचा सांगाडा करायचा, आडव्या, उभ्या आणि तिरक्या, आणि तो चांगल्या बरगड्यांना स्क्रूने जोडायचा. दारांच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवायचे. चांगल्या बाजूवर पुठ्ठा धरून प्रत्येक बरगडीची गोलाई पेन्सिलने उतरवून घ्यायची, उलटी केली की तीच दुसऱ्या बाजूला चालते, पण जुन्या गाड्या हाताने बांधलेल्या, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या निघतीलच असं नाही, तेव्हा बसवून बघितल्याशिवाय लाकूड कापू नका.

आणि काढलेला प्रत्येक तुकडा, कितीही भुसा झालेला असला तरी, नंबर टाकून टोपलीत ठेवायचा. वडिलांच्या कारखान्यात नियमच होता, नवीन तुकडा बसेपर्यंत जुना जाळायचा नाही. स्क्रूची भोकं, खाचेची खोली, कुठे सांधा होता, हे सगळं त्या कुजक्या तुकड्यातच लिहिलेलं असतं.

रंग काढताना जपा. इतक्या जुन्या रंगात शिसं असणार असंच धरून चाला, कोरडं घासायचं नाही, पाणी मारून खरवडायचं, पी-१०० फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा मास्क लावायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं आणि लहान मुलांना त्या दिवसात गॅरेजमध्ये फिरकू द्यायचं नाही. ब्रेक आणि क्लचच्या जुन्या लायनिंगमध्ये, सायलेन्सरच्या गुंडाळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिथे कॉम्प्रेसरने हवा मारू नका. पोपडे काढताना खालचे रंग दिसत जातात, त्यांचे फोटो घ्या, मूळ रंग कोणता होता ते तिथेच कळतं, आणि कधीकधी जुन्या मालकाचं नाव हाताने रंगवलेलं सापडतं.

आता खालचं काम, हे लाकडाच्या आधी उरकायचं, कारण नवीन बॉडीवर वेल्डिंगच्या ठिणग्या नकोत. चासीचा गंज घासा, तडे बघा, वेल्डिंग करा, प्रायमर मारा. पेट्रोलची टाकी मात्र वेल्डिंगवाल्याकडे सहज म्हणून देऊ नका, रिकामी टाकीच जास्त धोक्याची, आत वाफ असते. पट्टा म्हणजे रबराचे लांब बेल्ट आणि त्यांना बोल्टने जोडलेल्या लोखंडी आडव्या पट्ट्या. बेल्टला आडव्या चिरा असतील, आतलं कापड दिसत असेल तर बदलायचाच, बरेच जण कन्व्हेयर बेल्टचं रबर कापून वापरतात आणि ते चांगलं चालतं, फक्त दोन्ही बाजूंची लांबी आणि भोकांमधलं अंतर हुबेहूब सारखं पाहिजे, नाहीतर गाडी सतत एका बाजूला ओढते. जुना बेल्टच साचा म्हणून खाली ठेवून भोकं पाडा. दातेरी चाकाचं रबर झिजून लोखंड उघडं पडलं असेल तर ते नवीन चढवून घ्या, ते रबर हाच तर मूळ पेटंटाचा जीव आहे, ओला बर्फ लोखंडाला चिकटून गोळा होतो, रबराला तेवढा धरत नाही.

लाकूड. बरगड्यांसाठी मी ॲश नावाच्या झाडाचं लाकूड वापरलं. वाकायला उत्तम, धक्के सोसायला उत्तम, पण पाण्याला अजिबात टिकत नाही, त्यामुळे त्याची टोकं, म्हणजे कापलेली तोंडं जिथून लाकूड पाणी पितं, ती इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या पक्क्या गोंदाने, दोनदा तीनदा बंद करायलाच हवीत. जिथे पाणी साचणारच, खालची उंबऱ्यासारखी पट्टी वगैरे, तिथे पांढरा ओक लावा. लाकूड घेताना भट्टीत वाळवलेलं टाळा, हवेवर सुकलेलं घ्या, भट्टीतलं वाकवताना तडकतं. मॉइश्चर मीटर स्वस्तात मिळतो, चौकटीत बसवायच्या लाकडात १२ टक्क्यांच्या आसपास ओल ठीक. इथल्या हिवाळ्यात तापवलेल्या गॅरेजमधली हवा ठणठणीत कोरडी होते, त्यात लाकूड आकसतं आणि मग बाहेर जाऊन फुगतं, म्हणून सांधे मी शक्यतो उन्हाळ्यातच जोडले. तसंही साधा इपॉक्सी १० अंश सेल्सियसच्या खाली नीट घट्ट होत नाही.

बरगडी वाकवायला वाफेची पेटी घरीच होते, लांब लाकडी खोकं, एका टोकाला पाण्याची किटली, दुसरीकडे वाफ जायला छोटं भोक. हिशोब असा की लाकूड एक इंच जाड तर साधारण एक तास वाफ. पेटीतून काढल्यावर हातात जेमतेम मिनिटभर वेळ असतो, तेवढ्यात ते फर्म्यावर, म्हणजे गोलाईच्या साच्यावर वाकवून शिकंजे आवळायचे, त्यामुळे दोन माणसं, चामडी हातमोजे आणि आधी एकदा कोरडी तालीम. फर्मा हवा त्यापेक्षा थोडा जास्त गोल करा, सुटल्यावर लाकूड थोडं परत उघडतंच. वाफेचं नको असेल तर ३-४ मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या एकावर एक इपॉक्सीने चिकटवून त्याच फर्म्यावर दाबून ठेवा, ती बरगडी ताकदीला कमी नसते आणि आकारही सोडत नाही, पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सांगेन.

पण आख्खी बरगडी बदलायची गरज बहुतेक ठिकाणी नसतेच. खालचं वीतभर कुजलेलं असतं, वरचं ठणठणीत. तिथे तिरका सांधा घालायचा, चांगल्या लाकडापर्यंत कापून, दोन्ही तोंडं रंध्याने सारख्या उतारात घासून, उताराची लांबी जाडीच्या निदान आठपट. ६ मिलिमीटर प्लायला सांधा घालायचा तर उतार ४८ मिलिमीटर, त्याहून लांब झाला तर चांगलंच. घाईने सरळ कापून मागे ठिगळ मारणारे आहेत, तो सांधा बर्फावरच्या पहिल्या हादऱ्यात उघडतो. कुजलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी मुरवून ते घट्ट करायची पद्धत मला सजावटीच्या पट्टीपुरती मान्य आहे, भार घेणाऱ्या बरगडीला नाही.

वरची प्लाय मरीन ग्रेडचीच, म्हणजे बोटींसाठीची घ्या, बीएस १०८८ या ब्रिटिश दर्जाचा शिक्का बघून. साध्या प्लायच्या आत पोकळ्या असतात आणि तिथे पाणी शिरून गोठलं की थर सुटतात. गोलाईवर एक जाड शीट जबरदस्तीने वाकवण्यापेक्षा ३ मिलिमीटरचे दोन-तीन थर एकावर एक चिकटवा, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. प्लायचा तुकडा दोन्ही दिशांनी वाकवून बघा, एका दिशेला ती सहज वाकते, तीच दिशा गोलाईला द्या. आणि जिथे दोन्हीकडून गोलाई आहे तिथे अख्खी शीट बसणारच नाही, अरुंद पट्ट्या कापून एकेक बसवत जायचं, हे सगळ्यात सावकाश होणारं आणि मला सगळ्यात आवडलेलं काम. स्क्रू स्टेनलेस किंवा सिलिकॉन ब्राँझचे, आधी बारीक भोक पाडून. साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि आजूबाजूचं लाकूडही खातात, जुनी बॉडी बहुतेक त्याच जागांपासून कुजलेली दिसेल. इपॉक्सी सुकल्यावर वर मेणचट थर येऊ शकतो, तो पाण्याने धुऊन मगच पुढचा हात मारा. नंतर लांबी (पुट्टी), पॉलिश पेपर, प्रायमर, रंग, हे कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगसारखंच. आतली बाजूही रंगवा, श्वासाची वाफ आतूनच गोठते. खिडक्यांना लॅमिनेटेड सेफ्टी काच गोल कापून मिळते, रबर नवीनच घाला.

इंजिन. आधीच्या गाड्यांत फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन असायचं, नंतरच्यात क्रायसलरचं सहा सिलिंडरचं, आणि इतक्या वर्षांत कित्येकांनी दुसरंच काही बसवलेलं असतं. मासेमाराने बसवलेलं नंतरचं इंजिन नीट चालत असेल तर मी ते काढणार नाही, तोही गाडीचा इतिहासच आहे. जाम असेल तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये गंजात झिरपून भाग मोकळे करणारं तेल सोडा, काही दिवस थांबा, मग क्रँकला पाना लावून हाताने थोडं पुढे थोडं मागे करा, स्टार्टर मारून जबरदस्ती नको. मूळ वायरिंग ६ व्होल्टचं असेल तर बॅटरी जोडण्याआधी बघा, त्या काळच्या फोर्ड आणि क्रायसलर इंजिनांना बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं असायचं.

एक गोष्ट मात्र अजिबात सोडू नका. इंजिन आणि माणसं एकाच बंद खोक्यात आहेत. मधल्या भिंतीला पत्रा ठोका, वायर आणि पाइप जातात ती सगळी भोकं आगीला टिकणाऱ्या सीलंटने बुजवा, सायलेन्सरचे सांधे तपासा, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि हाताशी अग्निशामक ठेवा. या विषारी वायूला वास नसतो, आणि थंडीत दारं-खिडक्या कोणी उघडत नाही.

पहिली चाचणी जमिनीवरच्या बर्फात, शेतात, हळू. वीस मिनिटं चालवून थांबा, पट्ट्याचा ताण, प्रत्येक बोल्ट आणि चाकांच्या बेअरिंगला हात लावून बघा, एखादं जास्त गरम लागलं तर तिथेच थांबायचं. सुरुवातीला बोल्ट सैल होतातच, सारखे आवळावे लागतात. तळ्यावर जायचं तर स्वतः ड्रिलने भोक पाडून बर्फ मोजा, पिकअप ट्रकला लागतो तेवढा, म्हणजे ३० ते ३८ सेंटिमीटर स्वच्छ निळसर बर्फ हवा, पांढऱ्या दुधी बर्फाची ताकद निम्मीच धरतात. छतावर झडप असेल तर ती आतून एका हाताने उघडते का हे निघण्याआधी बघा, आणि एकटे जाऊ नका.

मोसम संपला की खालची बाजू धुऊन पूर्ण सुकवा, पट्ट्यांचा ताण ढिला करा, चासीखाली स्टँड लावून पट्ट्यांच्या आतल्या चाकांच्या टायरवरचा भार काढा, दारं बोटभर उघडी ठेवा. वर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आत दमट होऊन एका पावसाळी उन्हाळ्यात नवीन लाकडाला बुरशी धरते. शेड नसेल तर बांबू किंवा पाइपची चौकट करून ताडपत्री तिच्यावर टाका, बॉडीपासून हातभर वर, म्हणजे खालून वारा फिरतो.